दारातलं घर आणि सगळ्यांची कमान

मर्सी नदी समुद्राला मिळते तिथे एका तीरावर लिव्हरपूल आणि समोरच्या तीरावर बर्कनहेड. एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा समोरच्या तीरावर होतं काय, तर जुन्या मठाचे अवशेष, थोडी शेतं आणि शंभर-सव्वाशे माणसांची वस्ती. पुढे नदीवर वाफेच्या फेरीबोटी धावू लागल्या. १८२४ मध्ये विल्यम लेअर्डने तिथे बॉयलरचा कारखाना काढला, त्यातून जहाजं बांधण्याचा उद्योग उभा राहिला, आणि १८५१ च्या जनगणनेपर्यंत लोकसंख्या वीस हजारांच्या वर गेली. गोदी, भट्ट्या, धूर आणि कामाच्या शोधात आलेली माणसं यांनी एका पिढीत घडवलेलं हे गाव.

या गावाने १८४७ मध्ये आपल्या नव्या बागेला एक दरवाजा बांधला. मध्ये घोडागाड्यांसाठी मोठी कमान, तिच्या दोन्ही अंगांना पायी येणाऱ्यांसाठी लहान कमानी, दर्शनी बाजूला आयोनिक घाटाचे खांब आणि दोन्ही टोकांना या कमानींना बिलगून उभी असलेली दोन घरं. सगळं घडीव वाळुकाश्मात. तिथले लोक त्याला ‘ग्रँड एंट्रन्स’ म्हणतात. व्हिक्टोरियन काळातल्या कमानी आणि दारातली घरं ब्रिटनमध्ये हजारोंनी सापडतील. त्यांतून एकच निवडायची तर मी ही निवडेन, कारण जमीनदारांच्या फाटकाचा संपूर्ण थाट इथे उचललेला आहे आणि तो अशा बागेला दिलेला आहे जिथे कोणालाही अडवायचं नव्हतं.

हा थाट मुळात कशासाठी होता, ते आधी पाहायला हवं.

इंग्लंडमधल्या मोठ्या जमीनदाराचा वाडा रस्त्यावरून सहसा दिसत नाही. रस्त्याला दिसते ती लांबच लांब कुंपणाची भिंत आणि तिच्यातलं फाटक. वाडा आत मैल-दीड मैलावर, झाडीच्या आड. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला मालकाची ओळख फाटकावरूनच व्हायची. या फाटकाशी राखणदारासाठी जे छोटं घर बांधत त्याला लॉज म्हणत. उतारूंच्या लॉजशी त्याचा संबंध नाही. बहुतेक वेळा ते मुख्य वाड्याच्या शैलीत बांधलेलं असे. वाड्याला गॉथिक टोकदार खिडक्या असतील तर लॉजलाही त्याच, वाड्याला ग्रीक खांब असतील तर लॉजच्या दारात निदान दोन. आमच्याकडच्या वाड्यांच्या देवड्यांत पहारेकरी बसत, पण इंग्लिश लॉजमध्ये राखणदाराचा अख्खा संसार असे. नवरा बागेत किंवा तबेल्यात कामाला जाई आणि घंटा वाजली की बायको किंवा मुलं धावत जाऊन फाटक उघडत, मग ती वेळ मध्यरात्रीची का असेना.

म्हणून या घरांची रचना नीट पाहिली की तिच्यात राखणदाराचं काम दिसतं. रस्त्याकडची खिडकी भिंतीच्या बाहेर काढलेली असते आणि तिला तीन बाजूंनी काचा असतात. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला वाड्याकडून येणारी गाडीही दिसावी आणि गावाकडून येणारीही. छप्पर उंच उतरतं, त्याच्या कडेला कोरीव लाकडी पट्टी आणि धुराडी गरजेपेक्षा उंच, कारण धुराड्यांवरच घराचा रुबाब. जमीन इतकी थोडी असे की सगळी हौस उंचीवर आणि नक्षीवरच भागवावी लागे.

दारात मालकाला दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या असतील तर मात्र राखणदाराचे हाल होत. फाटकाच्या डावी-उजवीकडे जुळी घरं, प्रत्येकात एखादीच खोली. काही ठिकाणी एका घरात चूल आणि दुसऱ्यात बिछाने. रात्री जेवून झोपायला जायचं तर मधला रस्ता ओलांडायचा, हिवाळ्याच्या पावसातही. सममिती पाहुण्यांना दिसे. तिची किंमत मोजणारे कोण ते दिसत नसे. लॉजच्या वास्तुकलेबद्दल बोलताना हे विसरू नये असं मला वाटतं. कारण एरवी ही घरं फार गोंडस दिसतात आणि त्या गोंडसपणात आत राहणारा माणूस हरवून जातो.

आता बर्कनहेडच्या बागेच्या कर्त्याकडे येऊ. जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा मुलगा. १८२६ मध्ये, वयाच्या विशीतच, तो डर्बीशरमधल्या चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशरचा मुख्य माळी झाला. ज्याला आपण ‘क्रिस्टल पॅलेस’चा निर्माता म्हणून ओळखतो तो हाच. पण १८५१ च्या त्या काचमहालाच्या आधी त्याने चॅट्सवर्थला आणखी एक मोठं काम केलं होतं. ड्यूकच्या बागेलगत एडेन्सर नावाचं गाव होतं. १८३८ पासूनच्या चारेक वर्षांत त्याचा बराचसा भाग पाडून तो जरा पलीकडे, वाड्याच्या नजरेआड, नव्याने वसवला गेला. पॅक्स्टनबरोबर तेव्हा जॉन रॉबर्टसन हा वास्तुकार होता. त्याने पूर्वी जे. सी. लाउडन यांच्याकडे आरेखनकार म्हणून काम केलं होतं. लाउडन यांनी १८३३ मध्ये खेड्यातली घरं, शेतघरं आणि बंगले कसे बांधावेत यावर एक जाडजूड विश्वकोश काढला होता आणि त्यात शेकडो नमुने दिले होते. एडेन्सरला गेलात तर त्या विश्वकोशाचीच पानं उलटल्यासारखं वाटतं. एक घर स्विस, शेजारचं इटालियन, पलीकडचं नॉर्मन, त्याच्या पुढचं ट्यूडर. एकासारखं दुसरं नाही.

हाच पॅक्स्टन आणि हाच रॉबर्टसन १८४३ मध्ये बर्कनहेडला आले.

त्या आधीच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये बागेचा प्रश्न राजकीय झाला होता. कारखान्यांची शहरं फुगत होती, मोकळी कुरणं कुंपणाआड जात होती. मजुरांना रविवारी चालायलाही जागा उरली नाही, हे १८३३ मध्ये संसदेच्या एका समितीने लेखी मांडलं. डर्बीत जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने लाउडनकडून एक सुंदर वृक्षोद्यान करून घेऊन शहराला दिलं. ते १८४० मध्ये उघडलं. पण तिथे फुकट प्रवेश आठवड्यातून दोनच दिवस होता, बाकीच्या दिवशी पैसे पडत. लिव्हरपूलच्या प्रिन्सेस पार्कचं काम पॅक्स्टननेच केलं, पण ती खासगी पैशातून उभी राहिलेली बाग. बर्कनहेडचं वेगळेपण इथेच आहे. तिथल्या सुधारणा मंडळाने १८४३ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घेतला आणि लोकांच्या पैशातून बागेसाठी जमीन विकत घेण्याचा अधिकार मिळवला. सार्वजनिक निधीतून उभारलेली आणि सर्वांना फुकट खुली असलेली जगातली पहिली नगरबाग असा तिचा लौकिक आहे, तो या कायद्यामुळे.

जमीन २२६ एकर घेतली, त्यातली १२५ एकर बागेला ठेवली. कडेची जमीन बंगल्यांच्या भूखंडांसाठी विकायची आणि त्या पैशातून बागेचा खर्च काढायचा असा हिशेब होता. दरवाजा इतका भव्य का, याचं एक रोखठोक कारण या हिशेबात आहे. भूखंड घेणाऱ्याला पहिल्या नजरेत कळायला हवं होतं की ही साधी कुरणाची जागा नाही. नदीपलीकडच्या लिव्हरपूलच्या श्रीमंत व्यापाऱ्याला इकडे ओढायचं तर त्याला त्याच्या ओळखीची भाषा बोलून दाखवायला हवी होती आणि ती भाषा म्हणजे जमीनदारी फाटकाची. (भूखंड पुढे अपेक्षेपेक्षा फार सावकाश विकले गेले, कारण बाग उघडली त्याच सुमाराला गावात मंदी आली.)

पॅक्स्टनने दलदलीच्या सपाट जमिनीत दोन तळी खोदली आणि निघालेल्या मातीचे उंचवटे केले. गाड्यांचे रस्ते आणि पायवाटा वेगळ्या ठेवल्या. जागेवर राहून हे सगळं करून घेणारा त्याचा शिष्य एडवर्ड केम्प पुढे कित्येक दशकं त्या बागेची व्यवस्था पाहत राहिला. लॉजेस आणि दरवाजाचे आराखडे लुईस हॉर्नब्लोअर या तरुण वास्तुकाराचे, आणि इमारतींच्या कामात रॉबर्टसनचाही हात होता. ५ एप्रिल १८४७ रोजी लॉर्ड मॉर्पेथ यांनी बाग खुली केली. त्याच दिवशी गावची नवी गोदीही सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी ब्रिटनचा पहिला सार्वजनिक आरोग्य कायदा मंजूर करून घेण्यात याच मॉर्पेथ यांचा पुढाकार होता.

ग्रँड एंट्रन्सची बांधणी समजून घ्यायची तर कमानीचा स्वभाव माहीत हवा. सरळ तुळई आपलं वजन खांबांवर सरळ खाली सोडते. कमान तसं करत नाही. तिच्यातला प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली निमुळता. लाकडी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी असे दगड रचत आणतात, माथ्यावरचा शेवटचा दगड ठोकून बसवतात आणि सांगाडा काढून घेतात. त्या क्षणापासून सगळे दगड एकमेकांना दाबून धरतात. पण तो दाब फक्त खाली उतरत नाही, बाजूलाही ढकलतो. कमान कायम पाय फाकवण्याच्या प्रयत्नात असते. शेजारी-शेजारी तीन कमानी असतील तर मधल्या खांबांवर डावीकडून आणि उजवीकडून येणारा रेटा बराचसा परस्पर फिटतो. उरतो तो दोन टोकांचा रेटा, आणि तो पेलायला भरीव, जड काहीतरी हवं. इथे ते काम दोन लॉजेसच्या जाड भिंती करतात. राखणदाराचं घर आणि कमानीला सावरणारा धीरा या दोन्ही गोष्टी त्या एकाच बांधकामात आहेत. सममिती इथे डोळ्यांसाठी आहेच, पण ती दगडाचीही गरज आहे. एका बाजूचं घर काढलं तर दरवाजाचं सौंदर्य जाईल, आणि त्या बाजूची कमानही धोक्यात येईल.

खांबांचं आयोनिक असणंही विचारपूर्वक आहे. ग्रीकांच्या खांबांच्या तीन मुख्य घाटांपैकी डोरिक सगळ्यात राकट: जाड बुंधा, माथ्यावर साधी उशी. आयोनिक त्याहून सडपातळ, आणि त्याच्या माथ्याला दोन्ही बाजूंना आत वळत गेलेली वेटोळी. रोमन वास्तुकार विट्रूव्हियसने डोरिकला पुरुषाचं प्रमाण आणि आयोनिकला स्त्रीचं प्रमाण मानलं होतं. एकोणिसाव्या शतकातले वास्तुकार हे संकेत मनापासून पाळत. लंडनच्या यूस्टन स्थानकाच्या दारात १८३७-३८ मध्ये फिलिप हार्डविकने डोरिक खांब उभे केले, कारण तिथे वाफेचं बळ दाखवायचं होतं. त्याच शहरात ब्रिटिश म्युझियमच्या दर्शनी भागाला रॉबर्ट स्मर्कने ४४ आयोनिक खांब दिले. विद्येच्या आणि विसाव्याच्या जागेला आयोनिक शोभतो ही तेव्हाची समजूत. हाइड पार्क कॉर्नरला डेसिमस बर्टनने १८२० च्या दशकात तीन कमानींचा आयोनिक पडदा बांधला होता. बर्कनहेडच्या दरवाजात त्याची आठवण स्पष्ट दिसते. फरक इतकाच, आणि तो मोठा, की हाइड पार्क राजाचा होता. प्रजेला तिथे जायची परवानगी होती, एवढंच. बर्कनहेडची बाग तिथल्या करदात्यांच्या स्वतःच्या मालकीची.

बागेच्या बाकीच्या दारांशी हॉर्नब्लोअरने हा ग्रीक गंभीरपणा बाजूला ठेवला. एका दाराशी गॉथिक लॉज, दुसऱ्याशी इटालियन लॉज, तिला मनोरा. तिसरी गढीसारखी, कंगोरे काढलेली. आणखी दोन आहेत त्यांना ‘नॉर्मन लॉज’ म्हणतात. एडेन्सरला ड्यूकच्या रयतेसाठी जी गंमत उभी केली होती ती इथे बागेच्या कडेने विखुरली. पण इथे तिला उपयोगही होता. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही ‘मनोऱ्याच्या दारापाशी भेटू’ म्हणता यावं, इतकं प्रत्येक दार वेगळं. व्हिक्टोरियन लोक शैलींची सरमिसळ करत म्हणून पुढच्या समीक्षकांनी त्यांना पुष्कळ नावं ठेवली. इथे ती सरमिसळ मला अजिबात खटकत नाही.

१८५० मध्ये लिव्हरपूलला उतरलेला एक तरुण अमेरिकन शेतकरी नदी ओलांडून बर्कनहेडला आला. तिथल्या एका पावभट्टीवाल्याने त्याला आग्रह केला की आमची नवी बाग पाहिल्याशिवाय जाऊ नका. पाहुण्याचं नाव फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. १८५२ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या बागेचं जे कौतुक आहे ते प्रसिद्धच आहे. लोकशाही अमेरिकेतही या लोकांच्या बागेच्या तोडीचं काही नाही, अशी कबुली त्याने मोकळेपणाने दिली. त्याच वर्णनात दरवाजाबद्दल त्याने काय लिहिलं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. दरवाजा त्याला आवडला नव्हता.

त्याचं म्हणणं असं की गावाच्या पाठीमागे, आजूबाजूला दुसरी कुठलीही इमारत नसताना हा आयोनिक दगडी ठोकळा एकटाच उभा आहे आणि म्हणून तो जड, अवघडलेला दिसतो. आत काहीतरी प्रचंड आहे अशी प्रस्तावना तो करतो आणि आत गेल्यावर समोर येतं ते अगदी साधं आवार. कमानींच्या बाजूला आणि वर ज्या खोल्या आहेत त्या बहुधा मजुरांच्या राहण्याच्या असाव्यात आणि राहायला गैरसोयीच्या असाव्यात, हेही त्याने टिपलं. आणि मग एक निरीक्षण: द्वारपाल कुठेच दिसत नाही, फाटकं सगळ्यांना उघडी आहेत.

ओल्मस्टेडच्या आक्षेपात तथ्य आहे. कमानीला भिंत लागते. भिंतच नसेल तर कमानीतून जायचं कशाला, बाजूने जाता येईल. १८५० मध्ये सभोवतालचे बंगले झाले नव्हते आणि दरवाजा खरोखरच मोकळ्या मैदानात उभा राहिल्यासारखा दिसत असणार. वरच्या खोल्यांबद्दलची त्याची शंकाही रास्त. कमानीच्या पोटात घर करायचा मोह फार जुना आहे. लंडनच्या मार्बल आर्चच्या आतल्या खोल्यांत पोलीस चौकी होती, वेलिंग्टन आर्चमध्येही होती. पहाऱ्याला ती जागा ठीक, संसाराला नव्हे.

तरीही त्याच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. त्याने दरवाजा एका रसिकाच्या डोळ्यांनी पाहिला. गोदीत ओझी उचलणाऱ्या माणसाने तो कसा पाहिला असेल? अशा कमानी त्याने आयुष्यभर बाहेरून पाहिलेल्या. आत सोडण्यासाठी तिथे कोणीतरी असायचं आणि त्या कोणाच्या चेहऱ्यावरून आपली पायरी कळायची. बर्कनहेडमध्ये तोच थाट, तेच खांब, तीच मोठी फाटकं, आणि अडवायला कोणी नाही. रविवारी बायकामुलांना घेऊन तो त्या खालून चालत गेला असेल तेव्हा साध्या लाकडी फाटकातून जाण्यापेक्षा काहीतरी अधिक त्याला मिळालं असणार. आत शिरायला मिळणं आणि मानाने शिरायला मिळणं यांत अंतर आहे. हॉर्नब्लोअरच्या दगडांनी ते अंतर पार केलं असं मी मानतो.

ओल्मस्टेडला मात्र आपलं मत तपासून पाहायची संधी आठ वर्षांतच मिळाली. १८५८ मध्ये कॅल्व्हर्ट व्हॉक्सबरोबर त्याने केलेला आराखडा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. गाड्या आणि पादचारी यांचे वेगळे मार्ग, खोदून केलेली तळी, रचलेले उंचवटे: बर्कनहेडचं ऋण तिथे पावलोपावली आहे. पण दरवाजाचं अनुकरण त्याने केलं नाही. १८६० च्या दशकात पॅरिसहून शिकून आलेल्या रिचर्ड मॉरिस हंटने दक्षिणेकडच्या प्रवेशांसाठी भव्य दरवाजे सुचवले, तेव्हा व्हॉक्सने कडाडून विरोध केला. असा साम्राज्याला शोभणारा डामडौल प्रजासत्ताकाच्या बागेला नको, हा त्याचा मुद्दा. हंटची योजना बारगळली. बागेला राहिली ती साधी, कमरेएवढी दगडी भिंत आणि तिच्यातली मोकळी जागा. त्या जागांना व्यवस्थापकांनी १८६२ मध्येच नावं दिली होती: कारागिरांचं दार, व्यापाऱ्यांचं दार, विद्वानांचं दार, स्त्रियांचं, मुलांचं, खलाशांचं, परक्यांचं. नावं बरीच वर्षं कागदावरच राहिली. त्यांतली बहुतेक दगडात कोरली गेली ती विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीला.

सर्वांना आत घ्यायचं, या एकाच हेतूतून निघालेली ही दोन उत्तरं. एका ठिकाणी सरदाराची कमान सगळ्यांना दिली, दुसऱ्या ठिकाणी कमानच काढून टाकली. ब्रिटिश वळणाच्या सार्वजनिक बागा जिथे जिथे गेल्या तिथे बहुतेकांनी पहिलं उत्तर पसंत केलं. १८६२ मध्ये भायखळ्याला खुली झालेली व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे आपली राणीची बाग, तिच्याही दाराशी कमानी आहेत. त्याखालून आत जाणाऱ्या मुंबईकराला आपण कोणाच्या तरी हद्दीत शिरतोय असं वाटत नाही. हत्ती आणि वाघ पाहायला आलोय एवढंच वाटतं.

बर्कनहेडच्या दरवाजाशी ३० ऑगस्ट १८६० पासून आणखी एक नवी गोष्ट येऊ लागली. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या अमेरिकन माणसाने वुडसाइडच्या फेरीधक्क्यापासून बागेपर्यंत रुळांवरून घोड्यांनी ओढायची ट्राम सुरू केली. ब्रिटनमधल्या रस्त्यावरची ती पहिली ट्राम. ओल्मस्टेडने धक्क्यापासून दरवाजापर्यंतचं अंतर सुमारे दीड मैल दिलं आहे. ट्राम आल्यावर लिव्हरपूलच्या गल्ल्यांतला माणूसही बोटीतून उतरून बागेपर्यंत सहज येऊ लागला. भोवताली घरं झाली, रस्ते झाले, आणि एकटा, अवघडलेला वाटणारा दरवाजा वस्तीत नीट बसून गेला.

आज ग्रँड एंट्रन्स दुसऱ्या श्रेणीतल्या विशेष महत्त्वाच्या संरक्षित वास्तूंमध्ये मोडतो, तर बाग ऐतिहासिक उद्यानांच्या यादीत पहिल्या श्रेणीत आहे. २०२३ मध्ये ब्रिटनने जागतिक वारशासाठीच्या आपल्या संभाव्य यादीत या बागेचं नाव घातलं. तिथे गेलात तर गाडीतून उतरा, मधली मोठी कमान सोडा आणि बाजूच्या लहान कमानीखालून चालत आत जा. खांबांची उंची आणि दगडाचा जाडपणा तिथून नीट कळतो, आणि मान वर केली की ओल्मस्टेडला ज्यांची काळजी वाटली होती त्या खोल्यांची जागाही दिसते.